कॉमेंट आणि रिअ‍ॅक्शनचा स्कीमा: अंदाज १६ तासांचा, लागले ४५

३ जून (३ तास)

लेखांखालच्या जुन्या कॉमेंट नव्या डेटाबेसात आणायच्या आणि त्यांना रिअ‍ॅक्शनची सोय (अंगठा, बदाम असं चिन्ह देण्याची) जोडायची, एवढंच काम. त्यासाठी स्कीमा, म्हणजे टेबलांची आखणी, नवी. जुनं सगळं मायएसक्यूएलमध्ये एकाच टेबलात, सुमारे १ लाख ४० हजार ओळी. नवं पोस्टग्रेस १५ वर (दोन्ही डेटाबेस चालवणाऱ्या प्रणाली). मी अंदाज दिला १६ तासांचा: कॉमेंटना १२, रिअ‍ॅक्शनला ४. आकडे मुद्दाम लिहून ठेवतेय. नंतर लाज वाटली तरी खोडणार नाही.

आज फक्त कॉमेंटचं टेबल. उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर अशी उतरंड साठवायच्या चारपाच रीती आहेत. नेस्टेड सेट (प्रत्येक ओळीला डावा-उजवा आकडा देऊन उतरंड दाखवणं) लगेच बाद केला: मध्येच एक उत्तर आलं की त्याच्या उजवीकडच्या सगळ्या ओळींचे आकडे सरकवावे लागतात, आणि कॉमेंट तर मध्येच येतात. क्लोजर टेबलात (प्रत्येक पूर्वज-वंशज जोडीची वेगळी ओळ) वाचन सोपं, पण प्रत्येक कॉमेंटमागे तिच्या जितक्या पिढ्या तितक्या ओळी. शेवटी सगळ्यात साधं घेतलं. प्रत्येक ओळीत पॅरेंट आयडी, म्हणजे जिला उत्तर दिलं त्या कॉमेंटचा आयडी; मूळ कॉमेंटला तो नल (रिकामा). आयडी पहिल्यापासून बिगइंट (मोठा पूर्णांक) ठेवला. साधा इंटिजर २१४ कोटींच्या पुढे संपतो. तिथवर आपण पोचणार नाही हे खरं, पण आज फुकट मिळतंय ते नंतर चालू टेबलावर बदलायला महाग पडतं.

४ जून (साडेपाच तास)

सगळा दिवस क्रमात गेला. रिकर्सिव्ह क्वेरी (स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी) पोस्टग्रेसमध्ये ८.४ पासून, म्हणजे २००९ पासून आहे, तेव्हा झाड वाचून काढणं अवघड नव्हतं. अडलं ते ओळी पडद्यावर दिसायच्या क्रमाने लावताना.

मी मुळापासूनचा माग मजकूर म्हणून जोडत गेले: ३, मग टिंब, मग ९. दहाव्या कॉमेंटपर्यंत सगळं छान दिसलं. मग १० हा ९ च्या आधी येऊन बसला. मजकूर म्हणून लावल्यावर असंच होणार, '१' हे अक्षर '९' च्या आधीच येतं. यावर मी आकड्यांना डावीकडून शून्यं भरली, आठ घरं. चाललं. पण आठ घरं का, नऊ का नाहीत, याला उत्तर नव्हतं आणि त्या शून्यांकडे बघून मला झोप येईना.

दुपारनंतर लक्षात आलं की पोस्टग्रेसमध्ये बिगइंटचा ॲरे (आकड्यांची यादी) सरळ तुलनेला चालतो, घराघराने आणि आकडा म्हणूनच. माग ॲरेत धरला, ऑर्डर बाय (क्रम लावायची आज्ञा) त्यावर लावला. शून्यं गेली. माग साठवतही नाही, क्वेरी चालते तेव्हाच बनतो.

एक कॉलम मात्र वाढवला, रूट आयडी, म्हणजे उतरंडीच्या मूळ कॉमेंटचा आयडी. पानावर आधी २० मूळ कॉमेंट काढायच्या आणि मग त्या विसांच्या खालचं सगळं एका झटक्यात आणायचं. रूट आयडीवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असला की दुसरी क्वेरी किरकोळ होते.

६ जून (२ तास)

टेस्ट डेटात एका लेखाखालचं उत्तर दुसऱ्याच लेखाखाली दिसलं. कारण माझ्याच टेबलात. पॅरेंट अस्तित्वात आहे की नाही एवढंच फॉरिन की (दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या आयडीवरचं बंधन) बघत होती. तो त्याच लेखाचा आहे का, हे कोणीच बघत नव्हतं. कोडमध्ये तपासणी होती, पण आयातीची स्क्रिप्ट त्या कोडमधून जातच नाही.

उपाय: (लेख आयडी, आयडी) या जोडीवर युनिक (तीच जोडी दुसऱ्यांदा नको असं बंधन), आणि फॉरिन की (लेख आयडी, पॅरेंट आयडी) या जोडीवर. आता परक्या लेखाचा पॅरेंट दिला तर डेटाबेसच नकार देतो. मूळ कॉमेंटला पॅरेंट नल असतो तेव्हा ही की तपासलीच जात नाही, आणि आपल्याला हवं तेच आहे. ते युनिक वरवर फालतू दिसतं, कारण आयडी एकटाच युनिक आहे. काढू नका, फॉरिन कीला टेकायला ते लागतं.

इथवर साडेदहा तास. कॉमेंटचं काम अंदाजात बसतंय म्हणून खूश होते.

७ जून (४ तास)

रिअ‍ॅक्शन. चार तासांचं काम, आज संपवायचं होतं.

रिअ‍ॅक्शन लेखावरही देता येते आणि कॉमेंटवरही. म्हणून एकच टेबल केलं: 'कशावर' हा प्रकार मजकुरात, शेजारी त्या वस्तूचा आयडी. बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये ही सोय तयारच मिळते, मलाही सवय होती. पण असा कॉलम कधी लेखाकडे बोट दाखवतो, कधी कॉमेंटकडे, म्हणून त्यावर फॉरिन की लावता येत नाही. टेस्टमध्ये ४० कॉमेंट पुसल्या आणि त्यांच्या रिअ‍ॅक्शन मागे अनाथ राहिल्या. एका ठिकाणी प्रकार बहुवचनी लिहिला गेला होता. तेही कोणी अडवलं नाही.

दोन रस्ते होते. एकाच टेबलात लेख आयडी आणि कॉमेंट आयडी असे दोन कॉलम आणि दोनपैकी नेमका एकच भरलेला हवा असा चेक (डेटाबेसने तपासायची अट). नाहीतर सरळ दोन टेबलं. मी दोन टेबलं केली. दिसायला पुनरुक्ती आहे, पण प्रत्येक क्वेरीत 'यातलं कुठलं भरलंय' असं विचारत बसावं लागत नाही. तीन तास लिहिलेलं चौथ्या तासात फेकलं.

९ जून (५ तास)

फ्रंटएंड बघणारा सहकारी म्हणाला, "अगं, मोबाइलवर बटण दोनदा दाबलं जातं, तेव्हा काय होतं?" मी म्हटलं, आधी बघते, नसेल तरच घालते. त्याने समोर बसून दोनदा दाबलं. दोन ओळी पडल्या.

दोन्ही विनंत्या एकाच क्षणी आल्या, दोघींनी बघितलं तेव्हा ओळ नव्हती, दोघींनी घातली. बघून मग घालणं यातली फट कोडमधून बुजत नाही. (कॉमेंट, वाचक) यावर युनिक लावलं आणि इन्सर्टला (ओळ घालायच्या आज्ञेला) 'ऑन कॉन्फ्लिक्ट' (टक्कर झाली तर काय करायचं ते) जोडलं, ते पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. एका माणसाची एका कॉमेंटवर एकच रिअ‍ॅक्शन, बदलली तर तीच ओळ बदलायची, असं ठरलं.

मग दोन उपकथा. पहिली: लॉगिन न केलेल्यांसाठी वाचक आयडी नल ठेवला होता. युनिकच्या लेखी एक नल दुसऱ्या नलच्या बरोबरीचा नसतो, म्हणून पाहुणे कितीही वेळा बदाम देऊ शकत होते. १५ व्या आवृत्तीत नलना सारखं मानायचा पर्याय आला आहे. तो लावून बघितला, तर एका कॉमेंटवर जगातला एकच पाहुणा मावेना! शेवटी पाहुण्यालाही वाचकांच्या टेबलात एक ओळ दिली आणि कॉलम नॉट नल केला. मग त्या जोडीलाच प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) केलं आणि रिअ‍ॅक्शनचा वेगळा आयडी काढून टाकला. तसाही तो विनाकारण पळत होता. इन्सर्ट टक्कर होऊन वाया गेला तरी सीक्वेन्समधला (आयडी देणाऱ्या मोजणीतला) आकडा खर्च होतो.

दुसरी: बटण 'उलटव' असा एकच संदेश पाठवत होतं. असेल तर काढ, नसेल तर लाव. नेट रखडलं की ॲप तोच संदेश परत पाठवी आणि लावलेली रिअ‍ॅक्शन निघून जाई. आता संदेश दोन आहेत, 'ठेव' आणि 'काढ'. कितीदाही आला तरी निकाल तोच. स्कीमाचा हा भाग नव्हे, पण वेळ यातच गेला.

१० जून (३ तास)

रिअ‍ॅक्शन म्हणून इमोजीच साठवत होते, मजकुराच्या कॉलमात. आज बेरजेत लाल बदाम दोन वेगवेगळ्या ओळींत आला. पडद्यावर हुबेहूब सारखे, पण एकाचे बाइट ३ आणि दुसऱ्याचे ६. बदामाचं चिन्ह जुनं आहे, त्याला रंगीत दाखवायला मागे एक अदृश्य व्हेरिएशन सिलेक्टर लागतो. एक कीबोर्ड तो पाठवत होता, दुसरा नाही. अंगठ्याचं तर विचारू नका: साधा पिवळा आणि त्वचेच्या पाच छटा, म्हणजे सहा वेगळे अंगठे आणि सहा वेगळ्या बेरजा.

मायएसक्यूएलवर असते तर उलटा गोंधळ झाला असता. तिथल्या जुन्या जनरल कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना करायच्या नियमांत) हसरा चेहरा आणि अंगठा हे एकच मानले जातात, त्यामुळे इमोजी युनिक कीमध्ये असला की दुसरी रिअ‍ॅक्शन आत येतच नाही.

आता रिअ‍ॅक्शन प्रकारांचं छोटं टेबल आहे: स्मॉलइंट आयडी, नाव, दाखवायचं चिन्ह, क्रम, चालू की बंद. सहा ओळी. बाकी सगळीकडे फक्त आयडी. एखादं चिन्ह उद्या बदलायचं झालं तर एकच ओळ बदलेल. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, पण इमोजी सरळ साठवणं इतकं सोपं वाटलं की डोकं चाललंच नाही.

१२ आणि १३ जून (११ तास)

या दोन दिवसांसाठीच ही नोंद कोणी वाचावी.

प्रत्येक कॉमेंटखाली आकडे दाखवायचेत: अंगठे इतके, बदाम इतके. दर वेळी मोजणं लहान डेटावर चालतं. पण 'सर्वाधिक पसंती' असा क्रम हवा म्हटल्यावर सगळंच मोजावं लागतं. म्हणून कॉमेंटच्याच ओळीत पसंतीचा आकडा ठेवला आणि त्यावर इंडेक्स केला. ही चूक क्रमांक एक. पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी बदलत नाही, नवी प्रत लिहितो आणि जुनी नंतर झाडून काढतो. म्हणजे एका अंगठ्यासाठी कॉमेंटच्या मजकुरासकट अख्खी ओळ पुन्हा लिहिली जाणार. बदललेल्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर निदान इंडेक्सना हात लागत नाही, पण मी तर नेमका त्यावरच इंडेक्स केला होता. तासभर कृत्रिम रहदारी सोडली आणि टेबल दुपटीहून फुगलं.

आकडे वेगळ्या टेबलात नेले: (कॉमेंट, प्रकार) ही प्रायमरी की आणि संख्या. बारीक ओळी. रिअ‍ॅक्शनच्या टेबलावर ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड): घातली की एक वाढव, काढली की एक कमी कर, बदलली की जुन्यातून एक वजा आणि नव्यात एक अधिक. टक्कर होऊन ओळ पडलीच नाही, तर इन्सर्टनंतरचा ट्रिगर त्या ओळीसाठी चालत नाही, त्यामुळे दोनदा दाबण्याचा प्रश्न इथे आपोआप सुटला.

बारा तारखेला रात्री रहदारी पुन्हा सोडली. दर काही मिनिटांनी एक विनंती बरोबर एका सेकंदानंतर पडायची. कोड ४०पी०१, म्हणजे डेडलॉक. तो एक सेकंद म्हणजे पोस्टग्रेसची डेडलॉक शोधायला लागायच्या आधीची ठरलेली वाट बघण्याची वेळ, हे मला कळायला सकाळ उजाडली.

काय होत होतं ते असं. पहिला वाचक अंगठा बदलून बदाम देतो. ट्रिगर आधी अंगठ्याची ओळ धरतो (काम होईपर्यंत इतरांना ती बदलता येत नाही), मग बदामाची मागतो. त्याच क्षणी दुसरा वाचक त्याच कॉमेंटवर बदाम बदलून अंगठा देतो. त्याच्या ट्रिगरने बदामाची ओळ धरलीये आणि तो अंगठ्याची मागतोय. दोघेही एकमेकांच्या दारात उभे, आत कोणीच जात नाही. 'आधी वजा, मग अधिक' हा माझा नीटनेटका क्रमच कारण होता.

तेव्हा क्रम वजा-अधिकचा नको, आयडीचा हवा. लहान आयडीची ओळ आधी. मला वाटलं एकाच इन्सर्टमध्ये दोन्ही ओळी आयडीच्या क्रमाने द्याव्या, एकीत उणे १, दुसरीत अधिक १, आणि टक्कर झाली की बेरीज करावी. सुबक दिसलं. चाललं नाही. 'संख्या शून्याखाली नको' असा चेक मी आधीच लावला होता आणि पोस्टग्रेस तो चेक टक्कर बघायच्या आधी, आणलेल्या ओळीवरच लावतो. उणे १ दारातच अडला. चेक काढायचा मोह झाला, पण एक चुकीचा ट्रिगर पकडला होता तो याच चेकने.

शेवटी तीन पायऱ्या केल्या. दोन्ही ओळी संख्या शून्य धरून घालायच्या, असतील तर सोडून द्यायच्या. मग दोन्ही आयडीच्या क्रमाने 'फॉर अपडेट' करून धरायच्या. मग बेरीज-वजाबाकी. पहिल्या पायरीतही ओळी क्रमानेच द्यायच्या. त्यानंतर रहदारी रात्रभर चालू ठेवली. डेडलॉक शून्य.

१६ जून (४ तास)

स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) एक शिवराळ कॉमेंट पुसली आणि तिच्याखालची २१२ उत्तरं गेली. पॅरेंटच्या कीवर 'ऑन डिलीट कॅस्केड' (पॅरेंट पुसला की खालचं सगळं पुस) मीच लिहिलं होतं, पहिल्या दिवशी, सवयीने. दोन दिवस जमवलेला टेस्ट डेटा होता, परत भरला.

कॅस्केड काढलं. आता कॉमेंट पुसणं म्हणजे 'पुसल्याची वेळ' भरायची आणि मजकूर खरोखर नल करायचा. नुसती खूण करून मजकूर तसाच ठेवला तर ज्याने पुसायला सांगितलं त्याची फसवणूक होते. सोबत चेक: पुसल्याची वेळ आणि मजकूर यातलं नेमकं एकच भरलेलं हवं.

हे करताना दुसरं सापडलं. खोटा डेटा काढायला पाच हजार ओळी खऱ्याखुऱ्या डिलीट केल्या, त्याला साडेतीन मिनिटं लागली. दर ओळीमागे 'हिला कोणी पॅरेंट म्हणतंय का' हे बघायला पोस्टग्रेस अख्खं टेबल चाळत होता. फॉरिन की लावली की त्या कॉलमवर इंडेक्स इथे आपोआप होत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचं साठवणीचं इंजिन) तो स्वतःच करतं, म्हणून इतकी वर्षं मला हे कधी टोचलं नव्हतं. इंडेक्स केला, तेच काम सेकंदाच्या आत.

१८ जून (६ तास)

जुना डेटा आणला. काही कॉमेंट वाक्याच्या मध्येच तुटलेल्या. सुरुवातीला आयातीचा दोष वाटला, पण जुन्या टेबलातही तशाच होत्या. मायएसक्यूएलमधलं जुनं 'यूटीएफ८' (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) एका अक्षराला तीनच बाइट देतं, इमोजीला लागतात चार. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारा) बंद असल्यामुळे पहिल्या इमोजीपाशी मजकूर मुकाट्याने कापला गेला होता, इमोजी आणि त्याच्या पुढचं सगळं. चार बाइटवालं 'यूटीएफ८एमबी४' ५.५ पासून होतं, कोणी लावलं नव्हतं इतकंच. सूचनेच्या जुन्या ईमेलमधून २३१ कॉमेंट पूर्ण मिळाल्या. बाकीच्या तशाच ठेवल्या.

मग पानं. ऑफसेट ('पहिल्या इतक्या ओळी सोड') न वापरता 'या वेळेच्या आधीच्या २०' अशी पुढची पानं काढते. कृत्रिम डेटावर पहिल्या पानानंतर दुसरं पान रिकामं! नाऊ हे फंक्शन ट्रँझॅक्शन (एकगठ्ठा होणारं काम) सुरू झाल्याची वेळ देतं आणि मी हजार कॉमेंट एकाच ट्रँझॅक्शनमध्ये घातल्या होत्या, म्हणून सगळ्यांची वेळ एकच. खऱ्या डेटातही हा धोका आहेच, कारण जुन्या वेळा सेकंदापर्यंतच होत्या. तुलना आता (वेळ, आयडी) या जोडीवर, इंडेक्सही त्याच जोडीवर.

तरीही क्वचित एखादी कॉमेंट दोन पानांच्या मधोमध गळत होती. ही शोधायला तीन तास गेले. पोस्टग्रेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत ठेवतो, जावास्क्रिप्टची डेट मिलिसेकंदापर्यंत. शेवटच्या कॉमेंटची वेळ ब्राउझरकडे जाऊन परत आली की तिचे शेवटचे तीन आकडे गळालेले असत, आणि त्या कापलेल्या फटीत बसलेली कॉमेंट कुठल्याच पानात येत नसे. आता पुढच्या पानाची खूण सर्व्हर मजकूर म्हणून देतो, ब्राउझर ती जशीच्या तशी परत करतो, तिची डेट करत नाही.

२१ जून (दीड तास)

लांबीची मर्यादा. जुन्या कोडमध्ये ३००० होती, पण बाइटमध्ये. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला हजारातच थांबवलं जाई. आणि तेही हजार 'अक्षरं' नव्हेत: 'क्षि' डोळ्यांना एक दिसतं, पण कोड पॉइंट, म्हणजे संगणकाच्या लेखी सुटी चिन्हं, चार (क, हलंत, ष, वेलांटी) आणि बाइट १२. टेक्स्ट कॉलम ठेवून 'कॅरेक्टर लेंग्थ ५०००' चा चेक लावला. फ्रंटएंडवरचा मोजणीचा आकडा इमोजीला दोन धरतो, तो मी तसाच सोडला. तो आधी अडवतो, नंतर नाही.

२४ जून

हिशोब: ४५ तास. त्यातले २३ एकट्या रिअ‍ॅक्शनचे, ज्यांना मी ४ लिहिले होते.

दर रात्री एक क्वेरी रिअ‍ॅक्शन नव्याने मोजून आकड्यांच्या टेबलाशी ताळा करते. पहिल्या रात्री फरक ०. काल रात्री २. शोधलं तर काल दुपारी एका खोट्या खात्याच्या रिअ‍ॅक्शन काढताना काम पटकन व्हावं म्हणून ट्रिगर बंद करणारी मीच होते. दोन ओळी हाताने दुरुस्त केल्या आणि ट्रिगर बंद करायचा हक्क माझ्या रोजच्या खात्यावरून काढून घेतला.